मेलेल्याचे खोड

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरात माझ्या मालकीची एकही वस्तू निर्धास्त राहत नाही. जुन्या अंकांचे गठ्ठे, काडी तुटलेले चष्मे, तोंड फुटलेला कंदील, सारे अंगणात येऊन पडते आणि सौ. कमरेला पदर खोचून त्या ढिगासमोर न्यायाधीशासारखी उभी राहते. "हे कशाला लागते?" एवढा एकच प्रश्न. उत्तर देता आले नाही, की वस्तू भंगारवाल्याच्या हातगाडीवर. तिची ही शिस्त मला मान्य आहे. घर माणसांचे असते आणि माणसांना चालावयाला जागा लागते. केरसुणीला आपण लक्ष्मी म्हणतो, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिला हळदकुंकू वाहतो. माझेही हात त्या वेळी जोडलेले असतात. माझे भांडण घरातल्या केरसुणीशी नाहीच. ती केरसुणी घेऊन जे लोक जंगलात शिरतात आणि तेथेही "हे कशाला लागते?" असे विचारतात, त्यांच्याशी आहे.

मी राहतो कुडव्याला. गोंदियाला खेटून असलेले हे गाव. आता शहर कोठे संपते आणि गाव कोठे सुरू होते, हे पोस्टमनलाच ठाऊक. धानाच्या बांध्या होत्या तेथे प्लॉट पडले, प्लॉटांवर घरे उठली आणि घरांना फाटके लागली. या सगळ्या घडामोडीत आमच्या वस्तीच्या कडेला एक मोह तेवढा जुन्या काळाचा साक्षीदार म्हणून उभा होता. चार पावसाळ्यांपूर्वी तो वाळला. पाने गेली, बारीक फांद्या वाऱ्याने गळाल्या, साल सुटू लागली. पण बुंधा मात्र दोन माणसांच्या कवेत मावणार नाही असा, ताठ. गेल्या वर्षी दिवाळीपूर्वी वस्तीतल्या मंडळींनी सभा घेतली. फाटकाला रंग द्यावा, दिव्यांच्या माळा लावाव्या आणि "ते मेलेले झाड" काढून टाकावे, असे तीन ठराव झाले. पहिल्या दोहोंना मी हात वर केला. तिसऱ्याला विरोध करणारा मी एकटाच निघालो.

"गुरुजी, झाड मेलेले आहे. आता त्यात काय राहिले आहे?" सभेतले एक तरुण गृहस्थ मोठ्या आदराने म्हणाले.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. माणसाची खोड मेल्यावर जाते, हे खरे असेल. झाडाचे खोड मात्र मेल्यावरही जात नाही. उलट त्याचा खरा संसार तेव्हाच सुरू होतो. हे मी त्या गृहस्थांना सांगावयास हवे होते. पण सभेत मला वेळेवर कधीच काही सुचत नाही. ठराव पास झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरा चालू झाला तेव्हा मी तेथे उभा होतो. पहिल्या धक्क्यालाच वरच्या ढोलीतून पिंगळ्यांची जोडी बाहेर पडली आणि भर उन्हात डोळे मिचकावीत समोरच्या विजेच्या तारेवर जाऊन बसली. ती ढोली मूळची सुतार पक्ष्याची. तो आपली घरे मऊ पडलेल्या लाकडात कोरतो. वर्षभराने सोडून जातो. मग पोपट, साळुंकी, पिंगळे त्यात बिऱ्हाड करतात. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच, पण येथे बिळाचा मूळ मालक तक्रार करीत नाही. बुंधा आडवा झाला तशी सैल साल फळीसारखी निखळली. तिच्या आतून दोन पाली पळाल्या, एक गोम वळवळत निघाली. एका फांदीला बोट जाईल एवढी गोल भोके होती. त्यांतून काळेनिळे भुंगे, ते लाकडात घर करणारे, संतापून घोंघावत बाहेर आले. बुंध्याच्या तळाशी वाळवीच्या मातीच्या नळ्या होत्या. आणि लाकूड फोडल्यावर जे दिसले ते मी विसरणार नाही. करंगळीएवढ्या पांढऱ्या अळ्या, काहींचे डोके रुंद आणि चपटे, काहींचे गोल, प्रत्येक आपापल्या बोगद्यात, भुशाने मागचा रस्ता बंद करून निवांत बसलेली. अर्ध्या तासात कावळे आणि साळुंक्या जमल्या. एवढी मेजवानी त्यांनी दिवाळीतसुद्धा पाहिली नसेल. "काय राहिले आहे?" या प्रश्नाचे उत्तर असे जमिनीवर वळवळत होते, आणि ते तरुण गृहस्थ तेव्हा फाटकाचा रंग पसंत करावयास गेले होते.

संस्कृतात घुणाक्षरन्याय म्हणून एक न्याय आहे. घुण नावाचा किडा लाकूड पोखरीत जातो आणि त्या पोखरण्यातून चुकून एखादे अक्षर उमटते; तसे योगायोगाने घडलेल्या गोष्टीला घुणाक्षर म्हणावयाचे. न्याय सांगणाऱ्या पंडितांचा आदर राखूनही मला म्हणावेसे वाटते, की त्यांनी लाकूड नीट पाहिले नाही. सालीच्या आतली ती नागमोडी नक्षी योगायोगाची नसते. प्रत्येक जातीचे वळण वेगळे. काही सालभुंगेऱ्यांची आई मधला सरळ रस्ता कोरते आणि पिलांचे रस्ते दोन्ही बाजूंना पिसासारखे फुटतात. जाणकार माणूस किडा न पाहता नुसत्या नक्षीवरून त्याचे कूळ सांगू शकतो. जे वाचता येते ते अक्षर नव्हे तर काय?

लाकूड हे तसे फार वाईट अन्न आहे. त्यात पिष्ट थोडे, नत्र त्याहून थोडे, आणि बाकी सारा तो चिवट तंतू आणि त्याला बांधून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ, की जो पचवावयास बहुतेक प्राण्यांच्या पोटात सोयच नाही. म्हणून येथे एकट्याचे काम चालत नाही. झाड नुकते मेले की लांब मिशांचे भुंगेरे आणि सोनेरी-हिरव्या अंगाचे भुंगेरे सालीच्या भेगांत अंडी घालतात. अळी निकृष्ट अन्नावर वाढते, म्हणून तिला वर्ष, कधी दोन-तीन वर्षे लागतात. तिच्या बोगद्यांतून पाणी शिरते, पाण्यामागून बुरशी. काही छोटे भुंगेरे तर बुरशीचे बी स्वतःच बरोबर घेऊन येतात, बोगद्याच्या भिंतींवर तिची लागवड करतात आणि पिलांना तीच चारतात. आपल्या जंगलातली वाळवीसुद्धा शेतकरी आहे. चावलेल्या लाकडाचे ती वारुळाच्या पोटात वाफे करते आणि त्यावर बुरशी पिकविते; हा धंदा ती सुमारे तीन कोटी वर्षे करीत आली आहे. आमच्या बांध्या तिच्यापुढे कालच्या. पावसाळ्यात त्या वाफ्यांना जे कोंब फुटून वारुळाच्या डोक्यावर येतात त्यांना झाडीपट्टीत सात्या म्हणतात. त्या बाजारात आल्या की भाव ऐकून मटण घेणारेही क्षणभर थबकतात, आणि तरी घेतात. सात्यांची भाजी ज्याने खाल्ली त्याने वाळवीला शिव्या देण्यापूर्वी हात आणि तोंड दोन्ही धुवावे.

आणि शिव्या तर आपण किती देतो! ज्या देशाने आपल्या आदिकवीला वारुळाचे नाव दिले, ज्या घरातल्या बायका नागपंचमीला वारुळाला लाह्या-दूध वाहतात, त्याच घरातले पुरुष दुसऱ्या दिवशी त्या वारुळात औषध ओततात. जगात वाळवीच्या सुमारे 3000 जाती आहेत. घरांचे आणि पिकांचे नुकसान करणाऱ्या त्यांत फार तर दहात एक. बाकीच्या नऊ जणी जंगलात मुकाट्याने लाकडाची माती करतात, आणि त्यांच्यावर आपल्या नागझिऱ्यातली अस्वले जगतात. दारूच्या गुत्त्यावर भेटलेल्या एका माणसावरून सबंध गावाची परीक्षा करावी, तशी आपण ही वाळवीची परीक्षा केली आहे.

हा दृष्टिदोष आपला मूळचा नाही, असे मला वाटते. इंग्रजांनी जंगलाला खाते जोडले तेव्हा त्या खात्याला हवे होते रेल्वेचे स्लीपर आणि इमारतीचे सागवान. देहरादूनला 1906 साली वनसंशोधनाची संस्था निघाली. तेथे किड्यांचा अभ्यास करणाऱ्या स्टेबिंगसाहेबांनी 1914 मध्ये भुंगेऱ्यांवर एक जाडजूड ग्रंथ काढला. त्याच्या नावातच 'आर्थिक महत्त्वाचे' किडे असे आहे. ग्रंथ मोठ्या मेहनतीचा आहे. त्या मेहनतीला माझा नमस्कार. पण पाहा, आमच्या जंगलातला भुंगेरा पुस्तकात प्रथम शिरला तो आरोपी म्हणून. त्याच्यावर कलम लावलेले, मुद्देमाल म्हणजे पोखरलेले लाकूड समोर ठेवलेले. तेव्हापासून जंगलखात्याच्या कागदांत मेलेले, मरू घातलेले आणि रोगट झाड हे एका दमात उच्चारले जाते. त्याचे पुढे काय करावयाचे, हे सांगावे लागत नाही.

आता कोणी म्हणेल की गुरुजी, तुम्ही जुनी मढी उकरता. कायदा केव्हाच बदलला. होय, बदलला, आणि अर्धाच बदलला. 14 फेब्रुवारी 2000 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात हुकूम दिला, की कोणत्याही राष्ट्रीय उद्यानातून वा अभयारण्यातून मेलेली, रोगट, मरू घातलेली किंवा वाऱ्याने पडलेली झाडे हलवावयाची नाहीत. वाहून आलेली लाकडे नाहीत, गवतसुद्धा नाही. त्या हुकुमामुळे नागझिऱ्यात वा नवेगावात पडलेला ऐन जेथे पडला तेथेच माती होतो. अभयारण्याची हद्द दाखविणारा दगड मात्र ओलांडा. तोच ऐन, तोच भुंगेरा, तोच सुतार पक्षी. पण येथे ते झाड नव्हे, माल आहे. त्यावर हातोड्याचा शिक्का पडतो, ते डेपोत जाते, त्याचा लॉट लागतो. भुंगेऱ्याला दगडावरची अक्षरे वाचता येत नाहीत, एवढाच त्याचा गुन्हा. आपल्या जिल्ह्यात अभयारण्याबाहेरही जंगल आहे, आणि 2013 साली नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला म्हणून बाहेरच्या जंगलातले किडे काही आत राहावयास गेले नाहीत.

या ठिकाणी वनखात्यातून निवृत्त झालेले माझे एक स्नेही मला हटकून अडवितात. "गुरुजी, सरई विसरलात वाटते!" मी विसरलो नाही. आमच्या हद्दीला लागून असलेल्या बालाघाटात आणि पलीकडे मंडल्यात, 1996 नंतरच्या दोन-तीन वर्षांत, सरईचा गाभा पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची भयंकर साथ आली. लाखो सरया वाळल्या. झाडे तोडून, त्यांची साल ठेचून आमिष म्हणून ठेवीत, रसाच्या वासाने भुंगेरे जमत आणि ते वेचून आणणाऱ्या गावकऱ्यांना नगावर पैसे मिळत. स्नेह्यांचे म्हणणे असे, की मेलेले लाकूड जंगलात ठेवणे म्हणजे ही साथ पोसणे. पण हा भुंगेरा अंडी घालतो कोठे, ते तर पाहा. पहिल्या पावसाबरोबर तो बाहेर निघतो आणि शोधतो ते जखमी, आजारी किंवा नुकते पडलेले, अजून रस असलेले झाड. आमिषाला साल ठेचावी लागे ती याचसाठी. साल गळून, रस आटून, करड्या पडलेल्या जुन्या खोडात त्याच्या अळीला काही नाही. म्हणून सरईच्या जंगलात तोडलेला ताजा माल पावसाळ्याआधी उचला, हा सल्ला रास्तच आहे. त्यात माझी तक्रार नाही. पण ताज्या लाकडाचा गुन्हा जुन्या लाकडावर ठेवून दोघांनाही एकाच गाडीत भरावयाचे, हा कोठला न्याय? शिवाय आमच्या बाजूचे बरेचसे जंगल सागाचे आणि ऐन, बिजा, धावडा, तेंदू, मोह अशा मिश्र झाडांचे. शेजाऱ्याला पटकी झाली म्हणून आपल्या घरातल्या निरोगी माणसांना दवाखान्यात टाकण्यासारखे हे आहे.

आणि या भुंगेऱ्यांचे काम किती मोठे आहे, ते आता तराजूवर मोजून झाले आहे. सहा खंडांतल्या 55 ठिकाणी शास्त्रज्ञांनी लाकडाचे सारखे तुकडे ठेवले. काही उघड्यावर, काही किड्यांना शिरता येऊ नये अशा जाळीत. तीन वर्षांनी वजने केली. 2021 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात निष्कर्ष आले. उष्ण प्रदेशातले उघडे लाकूड वर्षाला सुमारे 28 टक्के झिजते. उत्तरेकडल्या थंड सूचिपर्णी जंगलात जेमतेम 3 टक्के. जगभरच्या मेलेल्या लाकडातून दरसाल जो कार्बन मोकळा होतो, त्यातला 93 टक्के उष्ण प्रदेशांतला, आणि सबंध जगाच्या हिशेबात किड्यांचा वाटा सुमारे 29 टक्के. यावरून एखादा चतुर माणूस म्हणेल, की मग लाकूड उचलून जाळलेलेच बरे, कार्बन तर जाणारच आहे! जाणार खरा; पण चुलीतून तो घटकाभरात जातो. जंगलात तो वर्षानुवर्षे अळीतून, बुरशीतून, पक्ष्यातून, अस्वलातून फिरत जातो, आणि जाताना जमिनीत काही ठेवून जातो. पगार एका दिवसात उडविणे आणि महिनाभर पुरविणे यांतला फरक गृहिणींना समजावून सांगण्याची गरज नाही.

लाकूड उचलले, की त्याबरोबर ढोली जाते. रानपिंगळा हे छोटे घुबड 1884 नंतर कोणाला सापडलेच नव्हते. ते नाहीसे झाले असेच सारे धरून चालले होते. 1997 च्या नोव्हेंबरात ते आपल्या महाराष्ट्रात, शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा दिसले, आणि जगभरच्या पक्षितज्ज्ञांनी टाळ्या वाजविल्या. टाळ्या मीही वाजविल्या. पण ते घरटे करते झाडाच्या ढोलीत. टाळ्या वाजविणारे हात दुसऱ्या दिवशी ढोलीचे झाड लिलावात काढतात, तेव्हा पक्ष्याने राहावयाचे कोठे? आम्हा गोंदियाकरांना सारसाचा अभिमान आहे. त्याच्या मोजणीला उत्साही मंडळी पहाटे बांध्यांवर उभी राहतात. भुंगेऱ्यांच्या मोजणीला स्वयंसेवक जमलेले मी अद्याप पाहिले नाहीत. त्यांना उंच पाय नाहीत आणि ते जोडीने नाचत नाहीत.

या वादात एका व्यक्तीला मात्र मी पिंजऱ्यात उभी करू देणार नाही. जंगलाच्या ऱ्हासाची गोष्ट निघाली की शहरी माणूस लगेच डोक्यावर मोळी घेतलेल्या बाईकडे बोट दाखवितो. कुडव्याच्या पुढल्या एका गावातल्या मोळीवाल्या बाईला मी एकदा विचारले, "बाई, मोठी खोडे तुम्हीच नेता म्हणतात." ती हसली. "मोठं खोड आमच्यानं उचलते का जी, गुरुजी? आमी त काड्या नेतो. खोड ट्रकात जाते." एवढे नेमके बोलणे मी त्या आमच्या सभेत ऐकले नव्हते. मनगटाएवढ्या काड्यांत राहणारे किडे वेगळे आणि कवेत न मावणाऱ्या बुंध्यातले वेगळे. जाड खोडाला पर्याय नाही, कारण ते व्हावयाला शंभर वर्षे लागतात. गॅसची टाकी घरी आली तरी ती पुन्हा भरावयाला पैसे लागतात, हे ज्याला कळते तो तिच्या काड्यांवर डोळा ठेवणार नाही. आगीचे मात्र मी समर्थन करणार नाही. मोहफुले वेचावयाला सोपे जावे म्हणून उन्हाळ्यात झाडाखालचा पाला पेटवितात. तो वणवा पुढे सरकतो, आणि पाला तासात विझला तरी आडवे खोड कित्येक दिवस आतल्या आत धुमसत राहते. शंभर वर्षांची वस्ती चार दिवसांत राख.

मला काय हवे आहे, ते विचाराल तर फार थोडे. रस्त्यावर, शाळेवर, कोणाच्या छपरावर सुके झाड पडणार असेल तर ते अवश्य पाडा. भुंगेऱ्यासाठी मूल दगावू द्या असे म्हणण्याइतका मी वेडा नाही. पण तेथेही सबंध झाड कशाला? फांद्या उतरवा, बुंधा दोन पुरुष उंच ठेवा. स्वीडनमध्ये तोड करताना असे उंच बुंधे मुद्दाम सोडतात. बव्हेरियाच्या राष्ट्रीय उद्यानात 1983 च्या वादळात पडलेली झाडे तशीच राहू दिली, तेव्हा आसपासचे लोक संतापले होते. आज तेच जंगल पाहावयास माणसे लांबून येतात. आपल्याकडे अभयारण्याबाहेरच्या प्रत्येक कूपात हेक्टरी निदान पाच जाड सुकी झाडे उभी राहू द्यावी आणि पडलेले खोड जेथे पडले तेथेच सोडावे. पाच हा आकडा माझा आहे. तज्ज्ञांनी तो दहा करावा. शून्य करू नये, एवढीच विनंती. आणि उद्यानांतून झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना फासून त्यांना शाळेच्या गणवेशात उभे करणारे जे सुशोभनवाले आहेत, त्यांनी एखादा कोपरा तरी अव्यवस्थित ठेवण्याचे धैर्य दाखवावे. त्यासाठी पैसा लागत नाही. उलट वाचतो, बहुधा अडचण तीच असावी.

त्या मोहाचे तुकडे ट्रॅक्टरवर चढत होते तेव्हा मी ठेकेदाराच्या हातापाया पडून एक ओंडका मागून घेतला. तो घरी आला त्या दिवशी सौ. माझ्याशी दोनच वाक्ये बोलली, आणि दोन्हींत वाळवी हा शब्द होता. अखेर तह झाला: ओंडका भिंतीपासून दहा हात दूर, चिंचेखाली, फरशीच्या तुकड्यांवर राहील, आणि घरात वाळवीची एक नळी जरी दिसली तरी ओंडका आणि मी दोघेही बाहेर. हिवाळाभर त्याच्या भोकांतून पिठासारखा भुसा गळत होता. रोज सकाळी सौ. तो झाडून काढी आणि मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात केरसुणी आपटी. जूनमध्ये पहिला पाऊस झाला, आणि तिसऱ्या संध्याकाळी नात ओरडत आली, "आजी, लाकडातून कुणीतरी बाहेर येतंय!" आम्ही तिघे चिंचेखाली उभे राहिलो. भोकातून आधी दोन मिशा आल्या, त्याच्या अंगाहून लांब. मग तपकिरी पाठ. मग तो सबंध बाहेर आला, ओंडक्यावर थोडा वेळ बसला, आणि पावसाच्या अंधारात उडून गेला. सौ. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र भुसा झाडलेला नव्हता.

गौरी-गणपतीच्या सफाईला भंगारवाला आला, तेव्हा त्याची नजर त्या ओंडक्यावर गेली. "हे देऊन टाका ना बाई, जळणाले होते," तो म्हणाला.

"ते नाही द्यायचं," सौ. आतूनच म्हणाली. "त्यात बिऱ्हाडं आहेत."

भंगारवाला माझी छत्री घेऊन गेला.